बोर्ड मोठा की नाव मोठं? दौंड-शिरूरच्या निवडणुकांतून धंद्याचा धडा



मागच्या महिन्यात दौंडला आपली बॅच होती. जेवणाच्या सुट्टीत एक ताई फाईल घेऊन आल्या. मिस्टर कुरकुंभ एमआयडीसीत कामाला, ताई घरून नाश्त्याच्या ऑर्डरी घेतात. म्हणाल्या, "सर, चहाच्या एका ब्रँडची फ्रँचायझी मिळतेय. चार लाख भरायचेत. दोन साठलेत, दोन दागिने ठेवून काढणार. सही करू का? का स्वतःच्या नावानं टाकू?"

दागिन्यांचा विषय आला की मी पटकन उत्तर देत नाही. उलट विचारलं, "ताई, २००९ ला तुमच्या दौंडला आमदार कोण झालं?"

ताई हसल्या. "थोरात. अपक्ष."

तिथूनच आजचा विषय. एक आधीच सांगतो, इथं कुठल्याच पक्षाचा प्रचार नाही. दुकानदाराला सगळेच गिऱ्हाईक.

अपक्ष म्हणजे स्वतःच्या नावाचं दुकान

अपक्षाचं गणित बघा. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला अर्जावर एक सूचक पुरतो, अपक्षाला दहा लागतात. पक्षाचं चिन्ह लोकांना वर्षानुवर्षं पाठ असतं. अपक्षाला चिन्ह मिळतं माघारीची मुदत संपल्यावर, म्हणजे मतदानाला साधारण दोन आठवडे उरलेले असताना. मतदान यंत्रावर नावही खाली. वर एकूण मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं नाही पडली तर डिपॉझिट जप्त. पक्षवाल्यालाही हा नियम आहेच, पण अपक्षाला तो जास्त बाधतो.

तरीही २००९ ला दौंडमध्ये रमेश थोरात अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. समोर राष्ट्रवादीचं घड्याळ घेऊन राहुल कुल होते. थोरातांचं चिन्ह नवीन होतं, पण माणूस नवीन नव्हता. जिल्हा बँकेच्या कामातून गावोगाव ओळख होती. त्यांनी दोन आठवड्यांत दुकान उभं केलं नाही. दुकान आधीपासूनच चालू होतं, बोर्ड तेवढा नंतर लागला.

आता पुढची गंमत. २०१४ ला बोर्डांची अदलाबदल झाली. घड्याळ थोरातांकडे गेलं आणि कुल महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाकडून उभे राहिले. निवडून आले कुल. त्या वेळी महायुतीची हवा होती हे धरायलाच पाहिजे. पण दोन्ही वेळा तालुक्यातला जुना, मोठा बोर्ड ज्याच्या हातात होता, तोच हरला.

२०१९ ला कुल भाजपकडून, थोरात घड्याळावर. फरक किती? फक्त ७४६ मतं! दोघांनाही लाखाच्या वर मतं. आपण म्हणतो ना, "एक गिऱ्हाईक गेलं तर काय होतंय?" त्या वेळी हा आकडा आठवा.

बोर्डाचा मालक दुसरा असतो

आता आमच्या शिरूरकडे या. २०१९ च्या लोकसभेला डॉ. अमोल कोल्हे घड्याळावर उभे होते. त्यांनी शिवसेनेच्या शिवाजीराव आढळराव पाटलांना ५८ हजारांवर मतांनी हरवलं. पुढं राष्ट्रवादी फुटली. फेब्रुवारी २०२४ मध्ये निवडणूक आयोगानं पक्षाचं नाव आणि घड्याळ अजित पवार गटाला दिलं. शरद पवार गटाला मिळाला 'तुतारी वाजवणारा माणूस'. शिरूरचं मतदान १३ मे ला. म्हणजे कोल्ह्यांकडे तीन महिन्यांपेक्षा कमी वेळ, आणि आधी ज्या घड्याळावर ते जिंकले ते आता आढळरावांच्या हातात!

निकाल काय लागला? कोल्हे १ लाख ४० हजारांवर मतांनी आले. बोर्ड गेला, फरक वाढला.

पण थांबा. म्हणजे बोर्डाला किंमतच नाही, असं नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये शिरूर विधानसभेला उलटं झालं. घड्याळावरचे ज्ञानेश्वर कटके जिंकले, तुतारीवरचे अशोक पवार मोठ्या फरकानं हरले. सहा महिन्यांत बाजार फिरतो, हे धंदेवाल्याला वेगळं सांगायला नको.

अजून एक. २०२४ च्या लोकसभेला काही अपक्षांना तुतारीसारखंच दिसणारं, ट्रम्पेटचं चिन्ह मिळालं होतं. साताऱ्यात शशिकांत शिंदे ३२,७७१ मतांनी हरले आणि तसलं चिन्ह असलेल्या अपक्षाला ३७ हजारांवर मतं पडली. लोक फसले, असं पक्षाचं म्हणणं होतं. तुमच्या नावाशी मिळतंजुळतं नाव कुणी समोर लावलं तर काय होईल, ते ओळखा.

माझाच अनुभव

मी दुकान टाकलं तेव्हा एका कंपनीची डीलरशिप घेतली होती. बोर्ड त्यांचा, माझं नाव कोपऱ्यात बारीक. चार वर्षं मस्त गेली. मग कंपनीनं चारशे मीटरवर दुसरा डीलर नेमला. करारात एरियाचं कलमच नव्हतं, आणि मी करार वाचलाच नव्हता. बीबीए शिकलेला माणूस मी! सहा महिन्यांत विक्री अर्ध्यावर. जी गिऱ्हाइकं टिकली, ती माझ्या नावानं येणारी होती.

सही करायच्या आधी हे विचारा

१. करार किती वर्षांचा, आणि नूतनीकरणाला परत पैसे किती?
२. माझ्या एरियात दुसरा देणार नाही, हे लेखी आहे का?
३. माल त्यांच्याकडूनच घ्यायचा का? भाव कोण ठरवणार?
४. ब्रँड बंद पडला किंवा मालकांत भांडण झालं तर माझ्या डिपॉझिटचं काय?
५. गिऱ्हाइकांचे नंबर कुणाकडे राहणार?

स्वतःच्या नावानं करायचं असेल तर उद्यम नोंदणी फुकट आहे. ट्रेडमार्कचा ऑनलाईन अर्ज एका माणसाला एका वर्गासाठी ४,५०० रुपयांत होतो. बोर्डाच्या लाईटवर यापेक्षा जास्त खर्च करतो आपण.

ताईंना मी "नका घेऊ" म्हटलं नाही. एवढंच विचारलं, "तुमच्या नाश्त्याला नावानं ओळखणारी घरं किती?" त्यांनी बोटांवर मोजली. साठ-सत्तर. म्हटलं, आधी ही दोनशे करा. मग फ्रँचायझी घ्या नाहीतर स्वतःचं टाका, दोन्हीकडं उपयोगी पडतील. तोवर दागिने कपाटात राहू द्या.

त्यांनी अजून सही केलेली नाही. परवा मेसेज आला, "सर, ९४ झाली."

तुमची किती आहेत? आज दुकान बंद केल्यावर वही घ्या आणि नावं लिहा. बोर्ड उतरवला तरी जे तुमच्याकडेच येतील, तेवढेच मोजा.