ट्रॅक्टरची निगा व त्याच्या बिघाडांची ओळख

मृगाचा पाऊस पडून गेला, दोन दिवस उघडीप मिळाली आणि काळ्या जमिनीस वाफसा आला, म्हणजे पेरणीसाठी शेतकऱ्याच्या हाती मोजकेच दिवस असतात. नेमक्या त्याच सकाळी ट्रॅक्टर सुरू होत नाही. तालुक्याच्या गावाहून मिस्त्री येईपर्यंत दोन दिवस जातात, पुढला पाऊस येतो, आणि पेरणी आठवडाभर मागे पडते. ट्रॅक्टर बहुधा कर्जाने घेतलेला असतो. त्याचा हप्ता काही थांबत नाही. उलट भाडेपट्टीच्या कामातून मिळावयाची रक्कम मात्र हातची जाते.

अशा प्रसंगी पुष्कळजण नशिबाला किंवा यंत्राला दोष देतात. परंतु ट्रॅक्टर क्वचितच एकाएकी बिघडतो. पुष्कळ दिवस आधीपासून तो धुराच्या रंगाने, आवाजाने, तेलाच्या पातळीने आणि तापमापकाच्या काट्याने आपले दुखणे सांगत असतो. बैल रवंथ करीत नाही असे दिसताच शेतकरी सावध होतो. गोठ्यात जाऊन बैलाच्या अंगावरून हात फिरविल्यावाचून तो त्यास जुंपीत नाही. खंडेनवमीस ट्रॅक्टरला झेंडूची माळ घालणाऱ्याने तीच नजर ट्रॅक्टरकडेही वळविली, तर निम्म्याहून अधिक बिघाड घरच्या घरी टाळता येतील.

धूळ हा पहिला शत्रू

एक लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यास सुमारे १०,००० लिटर हवा लागते. नांगरणीच्या अगर मळणीच्या वेळी ही सर्व हवा धुरळ्यातून आणि भुशातून ओढली जाते. मातीचे बारीक कण इंजिनात शिरले तर ते सिलिंडर व पिस्टनच्या कड्या यांच्यामध्ये कानसेसारखे काम करतात. ह्या कणांना अडविण्याचे काम हवेची गाळणी, म्हणजे एअर क्लीनर, करते.

ह्या बाबतीत नेहमी आढळणारा प्रकार सांगण्याजोगा आहे. एअर क्लीनर व इंजिन ह्यांना जोडणाऱ्या रबरी नळीस बारीक चीर पडते किंवा तिची पट्टी ढिली होते. वरून काहीच दिसत नाही. ट्रॅक्टर पूर्ववत चालतो, परंतु गाळणीस वगळून कच्ची हवा आत जात असते. काही दिवसांनी इंजिनाचे तेल वरचेवर कमी होऊ लागते. मालक तेवढे तेल भरतो आणि काम पुढे चालू ठेवतो. पुढे धूर निळसर होतो, सकाळी इंजिन सुरू होण्यास त्रास पडतो आणि चढावर ओढ कमी पडते. शेवटी इंजिन खोलले जाते तेव्हा सिलिंडर, पिस्टन व कड्या झिजून गेलेल्या असतात. लहानशी नळी वेळीच न बदलल्यामुळे एका हंगामाची कमाई दुरुस्तीत जाते.

तेलाच्या गाळणीची वाटी धुरळ्याच्या दिवसांत रोज उघडून पाहावी. तळाशी गाळ साचला असल्यास तेल टाकून द्यावे, वाटी स्वच्छ करावी आणि खुणेपर्यंत नवे तेल भरावे. खुणेच्या वर तेल भरू नये; ते इंजिनात ओढले जाते. कागदी गाळणी असल्यास ती डिझेलमध्ये अगर पाण्यात धुऊ नये. ती हलक्या हाताने झटकावी, अथवा आतून बाहेरच्या दिशेने हवेचा मंद झोत द्यावा. फाटलेली गाळणी बदलावयासच पाहिजे.

वंगणतेल काय सांगते ?

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून, इंजिन सुरू करण्यापूर्वी तेलमापक पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालावी आणि मग पाहावी. तेल दोन खुणांच्या दरम्यान असावे. तेल वापरात काळे पडते, त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु पुढील तीन लक्षणे ध्यानात ठेवावीत.

तेल दुधाळ दिसू लागले तर त्यात पाणी मिसळत आहे असे समजावे. बहुधा हेडखालील गॅस्केट निकामी झालेले असते. असे इंजिन चालवू नये. तेलाची पातळी न भरताच वाढली, तेल पातळ झाले आणि त्यास डिझेलचा वास येऊ लागला, तर जळण तेलात उतरत आहे. पातळी झपाट्याने घटत असेल, तर गळती शोधावी. गळती नसेल तर तेल जळत आहे.

चालत्या इंजिनावर तेलदाबाचा दिवा लागला किंवा काटा खाली आला, तर "एवढे तास संपवू" असे म्हणू नये. इंजिन त्याच क्षणी बंद करावे. वंगणाशिवाय काही मिनिटे चाललेले इंजिन जाम होऊन बसते.

पाणी व उष्णता

मळणीच्या हंगामात रेडिएटरच्या जाळीत भुसा अडकतो आणि हवा खेळत नाही. दुपारच्या विसाव्यात इंजिन बंद करून जाळी साफ करावी. हवेचा झोत पंख्याच्या बाजूने बाहेर द्यावा, म्हणजे कचरा आणखी आत रुतत नाही. पंख्याचा पट्टा मधोमध अंगठ्याने दाबला असता साधारण अर्धा इंच दबावा. त्याहून ढिला असेल तर पट्टा घसरतो, इंजिन तापते आणि बॅटरीही नीट भरत नाही.

काटा तांबड्या भागात गेल्यास भार काढावा, काही मिनिटे इंजिन मंद चालू ठेवावे आणि मग बंद करावे. मात्र पट्टा तुटला असेल किंवा पाणी निघून गेले असेल, तर लगेच बंद करावे. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतील पाणी दाबाखाली असते. झाकण फिरविताच ते उकळत्या कारंज्यासारखे तोंडावर येते. तापलेल्या इंजिनात एकदम थंड पाणी ओतल्यास हेडला तडा जाण्याची भीती असते. विहिरीच्या जड पाण्याने आत क्षार बसतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेले शीतक योग्य प्रमाणात वापरावे.

धुराचे तीन रंग

धूर ही ट्रॅक्टरची नाडी होय.

काळा धूर म्हणजे डिझेल अधिक आणि हवा कमी. गाळणी तुंबलेली असेल, भार जास्त असेल किंवा नोझल नीट फवारा टाकीत नसेल. प्रथम गाळणी पाहावी आणि एक गिअर खाली घ्यावा. तरीही धूर राहिला तर नोझल तपासून घ्यावे.

निळा धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे. कड्या, सिलिंडर किंवा झडपांचे मार्गदर्शक झिजले असावेत. गाळणीत खुणेवर तेल भरले असल्यासही असा धूर येतो.

थंडीच्या सकाळी थोडा वेळ येणारा पांढरा धूर न जळलेल्या डिझेलचा असतो व तो इंजिन तापताच जातो. इंजिन तापल्यावरही तो टिकला आणि रेडिएटरमधील पाणी घटू लागले, तर पाणी सिलिंडरमध्ये शिरत आहे असे मानावे.

ट्रॅक्टर सुरू होत नसल्यास

किल्ली पुनःपुन्हा फिरवून बॅटरी संपविण्यापेक्षा क्रमाने विचार करावा. इंजिन मंद फिरते किंवा नुसता कट्‌कट् आवाज येतो, तर दोष बॅटरीकडे आहे. तिच्या टोकांवर पांढरा-हिरवा क्षार साठला असल्यास गरम पाण्याने धुऊन, घट्ट आवळून, व्हॅसलीन लावावे. बॅटरी काढताना ऋण टोक प्रथम सोडावे आणि बसविताना शेवटी जोडावे. ज्या बॅटरीत पाणी भरण्याची सोय आहे, तीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. बॅटरीजवळ विडी अगर काडी पेटवू नये. तिच्यातून निघणारा वायू स्फोटक असतो.

इंजिन जोराने फिरते पण धुराड्यातून धुराचा मागमूसही नाही, तर डिझेल पोहोचत नाही. टाकी, तोटी व गाळणी पाहावी. टाकी एकदा कोरडी पडली की नळ्यांत हवा शिरते. जुन्या पद्धतीच्या ट्रॅक्टरात गाळणीवरील स्क्रू थोडा ढिला करून हातपंप मारावा. बुडबुडे थांबून डिझेलची अखंड धार आली की स्क्रू आवळावा. नंतर पंपाच्या स्क्रूवरही तसेच करावे.

येथे एक इशारा आवश्यक आहे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरील नव्या ट्रॅक्टरांना प्रदूषणाचे अधिक कडक नियम लागू झाले, आणि त्यांत इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची इंधनव्यवस्था आली. अशा ट्रॅक्टरात डिझेलचा दाब इतका प्रचंड असतो की त्याची बारीक धार कातडीत घुसते. त्यांच्या दाबाच्या नळ्या घरी मुळीच सोडू नयेत. चुकून धार लागल्यास जखम कितीही लहान दिसली तरी तत्काळ रुग्णालय गाठावे.

इंजिन फिरते, धूरही येतो, परंतु पेट घेत नाही, अशा वेळी नोझल, पंप किंवा सिलिंडरमधील दाब तपासावा लागतो. ते काम जाणत्या मिस्त्रीचे होय.

टाकी संध्याकाळी काम संपल्यावर भरावी. रात्री अर्धवट टाकीतील हवेचे दव होऊन पाणी डिझेलमध्ये उतरते, ते असे केल्याने टळते.

क्लच, ब्रेक व चाके

क्लचच्या पायपट्टीवर सतत पाय ठेवून चालविण्याची सवय क्लच लवकर झिजवते. पट्टीची मोकळी चाल पुस्तिकेत दिली असेल तितकी ठेवावी. ब्रेकच्या दोन पट्ट्या शेतात वळण घेण्यासाठी वेगळ्या असतात. परंतु रस्त्यावर येण्यापूर्वी त्या खिटीने एकत्र जोडल्याच पाहिजेत. वेगात एकाच चाकास ब्रेक लागला तर ट्रॅक्टर गर्रकन वळून उलटतो. ऊस भरलेल्या ट्रॉलीसह उतारावर गिअर मोकळा सोडणे हे त्याहूनही घातक होय.

चाकांतील हवा पुस्तिकेप्रमाणे ठेवावी. हवा कमी असल्यास टायरच्या बाजू चिरतात. जास्त असल्यास शेतात चाक घसरते व डिझेल वाया जाते. कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे भाताच्या चिखलणीनंतर पुढील चाकांच्या तुंब्यांत चिखल-पाणी शिरते. तेथे रोज ट्रॅक्टर धुऊन ग्रीस भरावयास पाहिजे.

पी. टी. ओ. चा दांडा मिनिटास ५४० फेरे, म्हणजे सेकंदास नऊ फेरे घेतो. उपरण्याचे अगर पदराचे टोक त्यात सापडले तर सोडविण्यास अवधीच मिळत नाही. त्यावरील संरक्षक आच्छादन काढून ठेवू नये आणि इंजिन बंद केल्याशिवाय मळणीयंत्रात हात घालू नये. अडकलेला ट्रॅक्टर ओढताना साखळी ओढदांड्यासच बांधावी. ती वर, मागील आसाजवळ बांधल्यास पुढची चाके उचलतात आणि चालक खाली चिरडला जातो.

निगेचे वेळापत्रक

*रोज :* तेल, पाणी, डिझेल, हवेची गाळणी, गळती, चाके व सैल नट-बोल्ट पाहणे.
*दर ५० तासांनी :* सर्व निपलांत ग्रीस, पंख्याचा पट्टा, बॅटरी, क्लच व ब्रेक ह्यांची तपासणी.
*दर २५० तासांनी :* पुष्कळ ट्रॅक्टरांत इंजिनतेल व तेलाची गाळणी बदलणे. काही नव्या ट्रॅक्टरांत हे अंतर अधिक असते, पुस्तिका पाहावी.
*दर १,००० तासांनी :* पुष्कळ ट्रॅक्टरांत गिअरपेटीचे व हायड्रॉलिकचे तेल बदलणे.

हे तास तासमापकावर दिसतात. एक साधी वही ट्रॅक्टरच्या पेटीत ठेवून तीत तारीख, तास, भरलेले तेल व केलेले काम लिहावे. तेल दर आठवड्यास किती लागते हे वहीत दिसले, म्हणजे झिजेची सूचना धुराच्याही आधी मिळते. काढलेले जुने तेल विहिरीजवळ किंवा नाल्यात ओतू नये.

ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा राहणार असेल तर तो धुऊन छपराखाली ठेवावा, टाकी भरावी, बॅटरीचे टोक सोडून ती महिन्यातून एकदा भारित करावी आणि धुराड्यावर डबा पालथा घालावा. क्लचची पट्टी दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवून ठेवावी, म्हणजे तबकडी चिकटत नाही. उंदीर तारा कुरतडीत नाहीत ना, हेही पाहावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ह्या गोष्टी व्याख्यानाने पटत नाहीत. रोहिणी नक्षत्रापूर्वी गावातील ट्रॅक्टरमालक व चालक ह्यांना एका ट्रॅक्टरभोवती जमवावे. गाळणीची वाटी त्यांच्यापुढे उघडावी, तेलमापक पट्टी त्यांच्या हाती द्यावी आणि वही तेथेच सुरू करून द्यावी. पुष्कळदा मालक एक व चालविणारा गडी दुसरा असतो. तेव्हा चालविणाऱ्यास विसरू नये, कारण धूर प्रथम त्यालाच दिसतो. पद्धतशीर शिक्षण हवे असलेल्या तरुणांना मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्र सरकारच्या संस्थेची माहिती द्यावी. १९५५ साली स्थापन झालेल्या ह्या संस्थेत कृषियंत्रांचे प्रशिक्षण दिले जाते.

सकाळची दहा मिनिटे एवढेच ह्या निगेचे मोल आहे. ती ज्याने नेमाने दिली, त्याचा ट्रॅक्टर वाफशाच्या दिवशी पहिल्या किल्लीस सुरू होईल आणि त्याचे बी वेळेवर जमिनीत पडेल.