नकाशाचा दिलासा

भूकंपाच्या नकाशात भोपाळ सौम्य धोक्याच्या पट्ट्यात गणले गेले, म्हणून तेथील साकेत नगरचे रहिवासी निश्चिंत असतील, तर त्यांनी किल्लारीचे स्मरण करावे. किल्लारीही नकाशावर अशीच सुरक्षित होती. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे त्या परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती कोसळल्या आणि हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. पुढे १९९७ साली मध्य प्रदेशातच जबलपूर हादरले. कोयनेचा १९६७ चा हादरा सोसलेल्या कोकणपट्टीनेही हे विसरू नये. नकाशा प्रदेशाचा धोका सांगतो, घराचा नव्हे. भिंत कशाची, तळमजल्याला आधार किती, आत माणसे किती, हे घरोघर जाऊनच पाहावे लागते. नगरपालिकांनी ही मोजदाद आजच हाती घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. भूकंपानंतर मोजायची असतात ती प्रेते.