धावफलकात न लिहिलेला विजय

जयंतीच्या दुसऱ्या दिवशीची, १५ एप्रिलची सकाळ. खारघरमध्ये आम्ही चार-पाच कार्यकर्ते मंडपाचे सामान आवरत होतो. शेजारचा नववीतला मुलगा मोबाइल घेऊन आला. "काका, आज अमेरिकेत सगळे बेसबॉलवाले ४२ नंबरचाच शर्ट घालणार. असं का?"

मी सांगितले, जॅकी रॉबिन्सनच्या स्मरणार्थ. तेथील मोठ्या व्यावसायिक संघांत साठेक वर्षे काळ्या खेळाडूंना प्रवेशच नव्हता. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन ब्रुकलिन संघातून मैदानात उतरला. ब्रुकलिनने बोस्टनला ५-३ असे हरवले. त्या दिवशी त्याच्या बॅटचा एकही फटका यशस्वी ठरला नाही, पण संघाला आघाडी देणारी धाव त्याचीच होती. बाबासाहेबांनी १९४६ साली निग्रोंचे नेते डू बॉइस यांना पत्र लिहिले होते. दोन्हीकडचे दुःख एकाच जातीचे, हे त्यांनी ओळखले होते.

"मग आपल्याकडे असा कोणी खेळाडू नव्हता?" पोराने विचारले.

होता! रॉबिन्सनच्या ४१ वर्षे आधी होता. पालवणकर बाळू, चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करीत आणि साहेब लोकांना सरावासाठी गोलंदाजी करीत. डावखुरी फिरकी अशी की पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घेणे भाग पडले. खेळायला सोबत, पण चहा मात्र बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात!

पुढे ते मुंबईला आले. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. बाळू व त्यांचे बंधू शिवराम हिंदू संघात होते. हिंदूंच्या धावा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. राज्यकर्ते १०९ धावांनी हरले. देशभर कौतुक झाले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले.

एवढे करूनही संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी मिळाले नाही. १९२० साली बाळूंना डावलले तेव्हा भावांनी खेळण्यासच नकार दिला. अखेर १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघाने चौरंगी स्पर्धा जिंकली. ज्यांनी पूर्वी अंगाला अंग लागू दिले नसते, त्यांनीच विठ्ठलना खांद्यावर घेतले.

पोराने बाळूंचे नाव कधी ऐकले नव्हते. खरे सांगतो, बी.कॉम. होऊन कचेरीत लागलो तरी मीही ऐकले नव्हते. पाठ्यपुस्तकात नव्हते हे एक कारण. दुसरे कारण आपल्या घरातले आहे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तेव्हापासून आपल्या सभांमधून त्यांचे नाव जवळजवळ गेलेच.

वाचकहो, मला हे पटत नाही. त्यांचे राजकारण चुकले असे आपण जरूर म्हणू. मतपेटीने त्याचा निकाल तेव्हाच दिला. पण वेगळ्या भांड्यातला चहा पिऊनही चेंडू हातातून न सोडणारा तो माणूस आपलाच होता. धावफलकावर १०९ धावा लिहिल्या आहेत, ते भांडे लिहिलेले नाही. ते आपण नाही सांगायचे तर कोणी?

पुढच्या रविवारी त्या पोराला हार्बर लोकलने सीएसएमटीला नेणार आहे. आझाद मैदानाशेजारी बॉम्बे जिमखाना आहे. एके काळी तेथे फक्त गोऱ्यांनाच सभासद होता येत असे. कुंपणाबाहेर उभे राहून त्याला सगळी हकिगत सांगेन. आपणही आपल्या मुलांना सांगा. पुढच्या जयंतीच्या व्याख्यानमालेत एक संध्याकाळ बाळूंसाठी ठेवा.