दोन उशांची बैठक

गुडघे कुरकुरू लागले की घरच्या व्यायामातून आधी पायांची सुट्टी होते. दंडाचे व्यायाम चालू राहतात, बैठका बंद पडतात. खरं तर बैठकीची उंची बदलली तरी भागतं.

माझ्या पन्नाशीला मुलाने 5-5 किलोचे दोन डंबेल आणून दिले. कॉलेजात असताना तालमीत शंभर बैठका मारायचो, त्याचा अभिमान अजून शिल्लक होता. पहिल्या दिवशी डंबेल हातात घेऊन तीस बैठका झाल्या, दुसऱ्या दिवशी चाळीस. पाचव्या दिवशी सकाळी दूध आणायला निघालो, तर तिसऱ्या मजल्यावरून कठडा धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत उतरावं लागलं. उजव्या वाटीच्या मागे कुणीतरी खडा ठेवलाय असं वाटत होतं. घरात निकाल लगेच लागला. बायको म्हणाली, "या वयात बैठका कसल्या मारतोस? चालायला जा."

एक्स-रेमध्ये थोडी झीज निघाली. फिजिओथेरपिस्ट बाईंनी मला साध्या खुर्चीवर बसवलं आणि हात न लावता उठायला सांगितलं. उठताना दुखलं. त्यांनी खुर्चीवर दोन उशा ठेवल्या. "आता उठा." या वेळी दुखलं नाही. "ही तुमची बैठक," त्या म्हणाल्या. "दहा वेळा करा. दोन आठवड्यांनी एक उशी काढू."

डंबेल माळ्यावर टाकायच्या तयारीत मी गेलो होतो. येताना व्यायाम तोच राहिला होता, फक्त तो माझ्या मापाने बेतून मिळाला होता.

वंगण संपत नाही

"गुडघ्यातलं वंगण संपलं" हे वाक्य आपल्याकडे इतकं रुळलंय की गुडघा म्हणजे जुन्या सायकलची चेन वाटावी. पण सांध्यातला चिकट द्रव शरीर सतत तयार करत असतं. हाडांच्या टोकांवर कूर्चेचं गुळगुळीत आवरण असतं आणि तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण याच द्रवातून होतं. पाय टेकला की ती स्पंजासारखी दाबली जाते, उचलला की द्रव पुन्हा शोषून घेते. म्हणून गुडघ्याला झेपेल एवढा भार हवाच असतो. महिनोन्‌महिने दिलेली विश्रांती त्याला मानवत नाही.

दुसरी गोष्ट मांडीच्या पुढच्या स्नायूंची. ते चार आहेत आणि चौघे मिळून वाटीला धरून असतात. जिना उतरताना शरीराचं वजन हळूहळू खाली सोडायचं काम त्यांचं. गुडघा सुजला की मज्जासंस्था या स्नायूंना मिळणारा हुकूमच कमी करते. स्नायू कमी काम करतो, बारीक होतो, मग भार सांध्यावर जास्त येतो आणि पुन्हा दुखतं. या चक्रातून बाहेर पडायचं तर सुरुवात स्नायूपासून करता येते. झिजलेली कूर्चा व्यायामाने परत उगवत नाही, स्नायू मात्र कोणत्याही वयात कमावता येतो. अमेरिकेत 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे मांडीचा वजनी व्यायाम दिला होता. त्यांची ताकद सरासरी 174 टक्क्यांनी वाढली.

आणि तो कटकट आवाज? दुखत नसेल, सूज नसेल, तर नुसत्या आवाजाने घाबरायचं कारण नाही.

दहाच्या तीन फेऱ्या आल्या कुठून

कुठल्याही जिममध्ये जा, "दहाचे तीन सेट मारा" हे पहिलं वाक्य ऐकू येतं. या आकड्याच्या जन्मात दुखऱ्या गुडघ्यांचा मोठा वाटा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर लष्करी रुग्णालयात पायाला आणि गुडघ्याला दुखापत झालेले सैनिक भरले होते. अशा पायाला जपायचं, हलके व्यायाम फार वेळा करायचे, ही तेव्हाची रीत. तिथले तरुण डॉक्टर थॉमस डेलॉर्म स्वतः वजनं उचलणारे होते. त्यांनी सैनिकांच्या पायाला लोखंडी बूट बांधला, त्याला वजनं लावली आणि ती टप्प्याटप्प्याने वाढवत नेली. 1945 मध्ये त्यांनी हे अनुभव लिहून प्रसिद्ध केले. आधी ते सात ते दहा फेऱ्या करून घेत. 1948 मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर त्यांनी त्या तीनवर आणल्या. जेमतेम दहा वेळा उचलता येईल ते वजन धरायचं. पहिली फेरी त्याच्या निम्म्या वजनाने, दुसरी पाऊण, तिसरी पूर्ण.

म्हणजे वजन उचलणं हा धडधाकट माणसांचा छंद आणि आजाऱ्यांनी त्यापासून लांब राहावं, ही समजूत इतिहासालाही धरून नाही. डेलॉर्म यांच्या पद्धतीचा गाभा "झेपेल तिथून सुरू, थोडं थोडं वाढव" एवढाच होता. दोन उशांचा हिशोबही तोच.

किती वाकायचं

तालमीतली बैठक आठवा. टाचा उचललेल्या, शरीर चवड्यांवर, मांडी पोटरीला टेकेपर्यंत खाली, झपकन वर, आणि तेही शंभर वेळा. खोली, वेग आणि आकडा ही तिन्ही ओझी वाटीवर एकदम पडतात. ती बैठक वाईट नाही. पण ती लहानपणापासून आखाड्यात कमावलेल्या पायाच्या मापाने शिवलेली आहे. तीस वर्षं खुर्चीत बसलेल्या पायाला ती घट्ट होणारच.

वाटीमागचा दाब गुडघा वाकवू तसा वाढतो. उभं राहून बैठक घेताना पहिले 45 अंश त्यामानाने सोपे जातात, खरा भार त्यापुढे येतो. खुर्चीत बसून पायाला वजन बांधून पाय सरळ करण्याच्या व्यायामात हे उलटं होतं. तिथे काटकोनापासून 45 अंशांपर्यंतचा टप्पा सोपा आणि शेवटचा, पाय ताठ करतानाचा जड. म्हणून वाटीच्या मागे दुखणाऱ्याने बैठक वरच्या अर्ध्यात करावी आणि पायाला वजन बांधलं असेल तर पाय पूर्ण ताठ करण्याचा हट्ट सोडावा.

"गुडघा बोटांच्या पुढे जाता कामा नये" हा नियमही अर्धाच खरा आहे. 2003 मधल्या एका अमेरिकी प्रयोगात सात कसलेल्या पुरुषांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून त्यांना वजनासह बैठका मारायला लावल्या. गुडघ्यावरचा पीळ सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी झाला, पण खुब्यावरचा जवळपास दहापट झाला. नडगी उभी ठेवली तर गुडघ्याला तात्पुरता आराम मिळतो, मात्र ते ओझं कंबर-खुब्याकडे जातं. गुडघा दुखत असताना हा सौदा चालेल. पाठही दुखत असेल तर जपून.

बेतलेला आठवडा

आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. सुरुवातीला पाच मिनिटं घरातच चालायचं, बसून पाय झुलवायचे.

पहिला व्यायाम अर्थात खुर्चीचा. खुर्ची भिंतीला टेकवलेली, पाय खांद्यांएवढे फाकवून थोडे मागे घेतलेले, धड पुढे झुकवून उठायचं. उठायला एक अंक, बसायला तीन. गुडघे आत एकमेकांकडे पडू द्यायचे नाहीत. आठ ते दहा वेळा, तीन फेऱ्या. व्यायामाच्या लागोपाठ दोन दिवशी बारा-बारा वेळा सहज जमलं की एक उशी काढायची. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. उशी काढली तर त्या आठवड्यात हातात वजन घ्यायचं नाही.

मग डंबेल कुठे वापरायचे? कमरेतून वाकण्याच्या व्यायामात. ताठ उभं राहून गुडघे जरासे सैल सोडायचे, पाठ सपाट ठेवून पार्श्वभाग मागे न्यायचा. हात भरलेले असताना मागचा ड्रॉवर बंद करतो, तसा. डंबेल मांडीला लागून गुडघ्यापर्यंत खाली, मग वर. इथे मांडीच्या मागचे आणि नितंबाचे स्नायू राबतात, गुडघा जवळजवळ जागच्या जागी राहतो. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसालाही वजन वाढवत नेता येतं ते इथे.

तिसरा व्यायाम उताणं झोपून. गुडघे वाकवून, टाचा रोवून कंबर उचलायची, पाच अंक धरायची. खाली सतरंजीवर बसता-उठता येत नसेल तर दिवाणावर करा. चौथा पाटाचा. सुरुवातीला चार इंचांहून उंच पाट नको, तो हलता कामा नये आणि हाताशी भिंत हवी. पूर्ण पाऊल पाटावर ठेवून चढायचं आणि उतरताना घाई करायची नाही, कारण जिन्यावर दगा देतं ते उतरणंच. पाचवा स्वयंपाकघरात. ओट्याला हात टेकून टाचा उचलायच्या. पोटरी मजबूत झाली की चालताना गुडघ्याला चांगला सोबती मिळतो.

ज्या दिवशी गुडघा फारच बिघडलेला असेल त्या दिवशीही पाटी कोरी ठेवायची गरज नाही. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती पाच अंक दाबायची. एक पाय वाकवून दुसरा सरळ पाय वीतभर उचलून धरायचा. यात सांधा जवळपास हलत नाही, पण मांडीला काम मिळतं.

जमिनीवर गुडघा टेकवणारे व्यायाम वेगळे पाहावे लागतात. गुडघे टेकून जोर काढत असाल तर ते ओट्यावर हात ठेवून काढा. सूर्यनमस्कारात एक पाय मागे नेताना आणि साष्टांगाच्या वेळी गुडघा टेकतो. तिथे सतरंजीची घडी ठेवा आणि पाऊल आखूड टाका.

दुखलं तर

व्यायाम करताना अजिबात दुखू नये, अशी अट घातली तर बहुतेकांचा व्यायाम पहिल्याच दिवशी थांबेल. डेन्मार्कमध्ये 2013 पासून गुडघ्याच्या आणि खुब्याच्या संधिवातासाठी एक कार्यक्रम चालतो. दोन वर्ग माहितीचे आणि सहा आठवड्यांत व्यायामाचे बारा. तिथे वापरतात तशी मोजपट्टी घरीही वापरता येते. वेदनेला शून्य ते दहा गुण द्यायचे. दोनपर्यंत निर्धास्त, पाचपर्यंत चालेल, त्यावर गेलं तर खोली किंवा वजन कमी करायचं. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी सकाळी. नेहमीपेक्षा जास्त दुखत असेल किंवा सूज असेल तर कालचा डोस जास्त होता.

काही खुणा दिसल्या मात्र व्यायाम थांबवून डॉक्टर गाठावा. गुडघा मध्येच अडकून बसणं, चालताना दगा देऊन वाकणं, लाल आणि गरम होऊन सुजणं, ताप, पडल्यावर पायावर भार न घेता येणं, पोटरी अचानक सुजून दुखणं. शस्त्रक्रियेलाही तिची जागा आहे. अटलबिहारी वाजपेयी यांच्या गुडघ्यावर 2000 मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा गुडघेबदलाची घरोघरी चर्चा झाली. 2017 मध्ये केंद्राने कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली. पण नवा सांधा बसवला तरी त्याला हलवणारा स्नायू आपलाच असतो, आणि तो आधी व नंतर कमवावाच लागतो.

वजनही थोडं उतरवता आलं तर उत्तमच. लठ्ठ आणि संधिवात असलेल्या लोकांवरच्या 2005 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात शरीराचा एक किलो कमी झाला की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं दिसलं.

आता एक खरं सांगायला हवं. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्याच चाचणीत गुडघ्याचा संधिवात असलेल्या 377 जणांचे तीन गट केले होते. एकाला जड वजनं, एकाला हलकी, तिसऱ्याला नुसती आरोग्याची माहिती. अठरा महिन्यांनी जड वजनवाल्यांचं दुखणं इतर दोन्ही गटांपेक्षा विशेष कमी झालेलं नव्हतं. म्हणजे जड उचललं की दुखणं पळालं, असा हिशोब नाही. हलक्या वजनाने लाजायचं कारण नाही आणि चमत्काराची वाट पाहायचंही कारण नाही. व्यायाम करायचा तो खुर्चीतून हात न लावता उठता यावं, भाजीची पिशवी घेऊन जिना चढता यावा आणि पडायची भीती कमी व्हावी यासाठी. दुखणं थोडं कमी झालं तर ते वरकड.

माझी पहिली उशी तीन आठवड्यांनी निघाली, दुसरी दोन महिन्यांनी. शंभर बैठकांचा नाद मी सोडला आहे. घरातली सगळ्यांत उंच खुर्ची आज भिंतीला लावा. दुखल्याशिवाय उठता येईल इतक्या उशा तिच्यावर ठेवा आणि पहिली बैठक तिथून मोजा.