कॉलेजचा संघ, कॉलेजचा हंगाम : काळी माती, पांढरी माती आणि मॅट

विद्यापीठाच्या निवड चाचणीवर या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर टाकतो, कारण गोरेगावच्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे आणि तो मला स्वस्थ बसू देत नाही. ते विचारतात, ‘आमच्या गावची पोरं यात्रेतल्या सामन्यांत भल्याभल्यांना ऐकत नाहीत. तीच पोरं आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिल्या दहा मिनिटांतच अंगावर लोण कसा घेतात?’

पोरांच्या दमात काही कमी नसते. फरक पायाखालच्या जमिनीचा आहे.

गोरेगाव, सेनगाव, हिंगोली हा सगळा काळ्या मातीचा मुलूख. बेसॉल्ट झिजून झालेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते. सोयाबीन, तूर, हळद तिच्यावर पोसतात, पण कबड्डीला ती कुठल्याच ऋतूत मानवत नाही. श्रावणात तळव्याला चिकटून पाय जड करते आणि ऑक्टोबरच्या उन्हात पाऊल अडकेल अशा भेगा पाडते. त्यामुळे आमच्याकडे आयतं मैदान मिळत नाही, ते घडवावं लागतं. वरची काळी खरवडून काढायची, मुरूम टाकायचा, पाणी मारून धुमसानं चोपायचा आणि त्यावर चाळलेली बारीक माती पसरायची. ही वरची माती बहुतेक ठिकाणी गावठाणातली पांढरी असते, पडक्या माळवदाची. ती काळीसारखी फुगत नाही, भेगाळत नाही. कुणी तिच्यात कुजलेलं शेणखत आणि लाकडाचा भुसा मिसळतात. कबड्डीच्या नियमांनाही माती, खत आणि भुशाचं मऊ मैदान मान्य आहे. आपापल्या गावचं मैदान अशा रीतीनं जपणारी म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. सामन्याआधी मूठभर माती हातात घेऊन पाणी किती मारायचं ते सांगणारी. माझ्या लेखी ती प्रशिक्षकाच्या तोडीची माणसं.

अशा मैदानावर पोरगा अनवाणी खेळतो. पायाची बोटं मातीत रोवून तो उभा राहतो, बोटांनीच स्वतःला ढकलतो. कोपऱ्यातला खेळाडू चढाईपटूच्या घोट्यावर झेपावतो तेव्हा जमिनीला टेकल्यावरही वीतभर पुढे घसरतो. ही घसरण त्यानं लहानपणापासून हिशेबात धरलेली असते, म्हणून तो थोडा लांबूनच सूर मारतो. चढाईपटूचंही तसंच. घोटा पकडला गेला तरी मोकळ्या मातीवरून अंग ओढत तो मध्यरेषेकडे सरकतो आणि बोट टेकवतो.

आता तोच पोरगा मॅटवर आणा. मॅटवर बूट घालावे लागतात. बुटाचा सपाट रबरी तळ आणि फोमचा पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात, पाऊल पडेल तिथेच रुतून बसतं. लांबून मारलेला सूर आता घसरत पुढे जात नाही. हात घोट्यापासून वीतभर अलीकडे थांबतो आणि चढाईपटू गुण घेऊन निघून जातो. माझ्या मते सुरुवातीचे निम्मे गुण या वीतभर अंतरात जातात. शिवाय मातीच्या सवयीनं झटकन वळताना पाऊल जागीच राहतं आणि शरीर फिरतं. तो पीळ गुडघ्याला बसतो. गुडघ्याचे अस्थिबंध दुखावून वर्षभर बाहेर बसलेले खेळाडू मॅटच्या स्पर्धांत जास्त दिसतात, त्याचं एक कारण हेच.

दुसरी गळती बोनसची. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा आणि तिच्यापुढे एक मीटरवर बोनस रेषा. सहा किंवा सात बचावपटू मैदानात असताना चढाईपटूनं एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकवून दुसरा उचललेला ठेवला की एक गुण. गावच्या मैदानावर फक्कीची ही रेषा दहा चढायांत पुसली जाते आणि प्रत्येक बोनसवर वाद होतो, म्हणून पोरं त्याच्या वाटेला जात नाहीत. मॅटवर रेषा रंगीत आणि पक्की, पंचाला अंगठा स्पष्ट दिसतो. मॅटवर सराव केलेला संघ पहिल्या काही चढायांत कुणालाही न शिवता चार-पाच बोनस गोळा करतो, आणि आपली पोरं गडी बाद करायच्या नादात पकडली जातात.

हॉकीवाल्यांनी हे फार पूर्वी भोगलं. 1976च्या माँट्रिअल ऑलिम्पिकमध्ये हॉकी पहिल्यांदा कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि तोवर सात सुवर्णपदकं जिंकलेला आपला भारतीय संघ सातव्या क्रमांकावर राहिला. कारणं आणखीही होती, पण गवतावर शिकलेलं चेंडू थोपवणं आणि वळवणं नव्या मैदानावर तसंच्या तसं चाललं नाही, हे खरं.

मग मॅट घ्या ना, असं म्हणणं सोपं आहे. 13 बाय 10 मीटरचं मैदान म्हणजे एक मीटरचे 130 चौकोन. ते अंथरायला सपाट, कोरडी जागा हवी, पावसाळ्यात डोक्यावर छप्पर हवं. खेड्यातल्या बहुतेक कॉलेजांना हे जमत नाही आणि आपल्या पोराला मॅटचं पहिलं दर्शन सामन्याच्या दिवशी होतं. अशा कॉलेजांच्या क्रीडा संचालकांना माझी कळकळीची सूचना आहे. ऑगस्टपासूनच पोरांना बूट चढवा. चोपलेल्या मुरमावर, सूर न मारता, फक्त पावलांची हालचाल आणि साखळी घोटवून घ्या. बोनस रेषा चुन्याच्या जाड पट्ट्यानं रोज नव्यानं आखा. झेप घेण्याचा सराव मात्र मऊ मातीवरच, एक पाऊल अधिक जवळ जाऊन. आणि सामन्याच्या गावी शक्यतो आदल्या संध्याकाळी पोहोचून तासभर मॅट मागून घ्या.

हे सगळं ऑगस्टमध्येच उरकायचं, कारण पुढे वेळ हाती राहत नाही. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत सोंगणीला येतं, म्हणजे नेमकं स्पर्धांच्या तोंडावर. मजूर मिळत नाहीत, परतीच्या पावसाची धास्ती असते, आणि संघातला उजवा कोपरा सुडी झाकायला शेतात असतो. त्याला ‘शिस्त नाही’ म्हणून वगळणारे मला पटत नाहीत. त्या दिवसांत सराव पहाटे ठेवला तर बहुतेक पोरं येतात.

जाता जाता, गोरेगावातूनच आलेला आणखी एक प्रश्न. तिथली काही मुलं सेनगावला शिकतात, काही रिसोडला. त्यांचं विद्यापीठ एकच का नाही? सेनगाव हिंगोली जिल्ह्यात, म्हणून 1994 साली स्थापन झालेल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडे. रिसोड वाशिम जिल्ह्यात, म्हणून अमरावतीच्या संत गाडगे बाबा विद्यापीठाकडे. एकाच मैदानावर वाढलेले दोन मित्र निवडले गेले तर पश्चिम विभागाच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेत एकमेकांसमोर उभे राहू शकतात. पण त्या बारा जणांत नाव यायला काय लागतं, वयाची आणि शिक्षणातल्या खंडाची अट कुणाला आडवी येते, हे पुढच्या आठवड्यात, निवड चाचणीसोबत.