आधी टिळकांचे वकील, मग टिळकांना शिक्षा देणारे न्यायाधीश! कोण होते न्या. दावर?

मुंबई : लोकमान्य टिळकांना मंडालेला कुणी पाठवलं, असं विचारलं की जुनी माणसं न्या. दावर यांचं नाव घेतात. पण त्याआधी अकरा वर्षं हेच दावर टिळकांच्या बाजूने कोर्टात उभे होते, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

दिनशा धनजीभाई दावर हे मुंबईचे पारशी बॅरिस्टर. १८९७ मध्ये 'केसरी'तल्या लिखाणावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. आधी जामीन मिळेना. दावर यांनी हायकोर्टात बाजू मांडली आणि न्या. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन दिला. पुढे दीड वर्षाची सक्तमजुरी झालीच. पण खटला उभा राहीपर्यंत टिळकांना बाहेर राहून तयारी करता आली.

१९०६ मध्ये दावर हायकोर्टाचे न्यायाधीश झाले. दोनच वर्षांनी टिळक त्यांच्यासमोर आरोपी म्हणून आले.

१९०८ मध्ये काय झालं?

एप्रिलमध्ये मुझफ्फरपूरला बॉम्बस्फोट झाला. त्यावर 'केसरी'त अग्रलेख आले आणि जूनमध्ये टिळकांना अटक झाली. बॅरिस्टर जिना यांनी जामीन मागितला. या वेळी दावर यांनी तो नाकारला.

तेव्हा ज्युरीची पद्धत होती. ज्युरी म्हणजे कोर्टाने निवडलेले पंच. आरोपी दोषी की निर्दोष हे ते सांगायचे, शिक्षा किती ते न्यायाधीश ठरवायचे. या खटल्यात नऊ पंच होते : सात युरोपियन आणि दोन पारशी. लेख मराठीत आणि पंचांपुढे त्यांचं इंग्रजी भाषांतर! भाषांतर चुकीचं आहे, हे टिळकांनी स्वतः कित्येक तास बोलून मांडलं. पण २२ जुलैला सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. दावर यांनी त्याच रात्री सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा आणि एक हजार रुपये दंड सुनावला. मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप करून उत्तर दिलं.

दावर यांचं काम एवढंच नव्हतं. पारशी धर्म स्वीकारलेल्या परक्या स्त्रीला पारशी पंचायतीच्या ट्रस्टचा लाभ मिळेल का, या गाजलेल्या खटल्याचा निकालही १९०८ मध्येच न्या. दावर आणि न्या. बीमन यांनी दिला. पारशी कोणाला म्हणायचं, यासाठी आजही त्याचा दाखला देतात. सरकारने दावर यांना 'सर' ही पदवी दिली.

निकाल मात्र लोकांनी मान्य केला नाही. १९५६ मध्ये मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला यांनी त्याच हायकोर्टात टिळकांच्या उद्गारांची पाटी लावली.

आज कायदा काय?

ज्या १२४-अ कलमाखाली टिळकांना शिक्षा झाली, त्याचा वापर सुप्रीम कोर्टाने मे २०२२ मध्ये थांबवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्यात 'राजद्रोह' शब्द नाही. पण देशाची एकता आणि अखंडता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी १५२ कलम आहे. त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. शब्द बोललेले असोत, लिहिलेले असोत की मोबाइलवरून पाठवलेले, ते या कलमात येऊ शकतात. सरकारच्या कामावर कायदेशीर मार्गाने बदल व्हावा म्हणून केलेली टीका गुन्हा नाही, हेही कलमातच सांगितलं आहे. म्हणून मेसेज पुढे ढकलण्याआधी वाचावा, आणि टीका करायला घाबरू नये.