पुलओव्हरने छाती खरंच रुंद होते?

पोलीस भरतीची जाहिरात निघाली, की वर्ध्याच्या आजूबाजूची मैदाने पहाटेच गजबजू लागतात. पिपरी मेघे, सिंदी मेघे, सावंगी, बोरगाव अशा शहराला लागून असलेल्या गावांतली मुले आधी धावतात आणि मग व्यायामशाळेकडे वळतात. १६०० मीटर धावणे किंवा गोळाफेक यांत सरावाने किती फरक पडला, ते रोज कळते. धाकधूक असते ती टेपची. पोलीस शिपाई पदासाठी पुरुष उमेदवाराची छाती न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर लागते आणि फुगवल्यावर तिच्यात किमान ५ सेंटिमीटरची भर पडावी लागते. लष्कराच्या अग्निवीर जनरल ड्युटी भरतीत हेच आकडे साधारण ७७ आणि ५ असे आहेत. टेप एका सेंटिमीटरने कमी भरला, तर बाकीची मेहनत वाया जाऊ शकते.

अशा मुलांना जिममध्ये हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, ‘पुलओव्हर मार, छाती उघडते.’ बाकावर उताणे झोपायचे, डंबेल दोन्ही हातांनी छातीच्या वर धरायचे, कोपर किंचित वाकवून ते डोक्यामागे न्यायचे आणि पुन्हा वर आणायचे, असा हा व्यायाम. पण ‘छाती उघडते’ या दोन शब्दांत दोन वेगळे दावे मिसळलेले आहेत. एक, छातीचा स्नायू वाढतो. दुसरा, बरगड्यांचा पिंजराच रुंद होतो. दोन्ही वेगवेगळे तपासायला हवेत.

स्नायूचे काय?

छातीवरचा मोठा, पंख्यासारखा पसरलेला स्नायू म्हणजे पेक्टोरॅलिस मेजर. हात समोरून शरीराच्या मध्याकडे आणणे हे त्याचे मुख्य काम. डोक्यावर गेलेला हात पुन्हा खाली खेचण्यातही त्याचा खालचा भाग मदत करतो आणि पुलओव्हरमध्ये हीच हालचाल होते. त्याच वेळी पाठीच्या दोन्ही बाजूंचे रुंद स्नायू, म्हणजे जिमच्या भाषेतले लॅट्स, हेही कामाला लागतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बारबेलने पुलओव्हर करताना स्नायूंमधील विद्युत हालचाल मोजली गेली. तेव्हा लॅट्सपेक्षा छातीचा स्नायू अधिक सक्रिय दिसला. म्हणजे पहिला दावा अगदीच निराधार नाही.

मात्र या व्यायामाला एक मर्यादा आहे. डंबेल डोक्यामागे असते आणि हात जमिनीला समांतर असतात, तेव्हा ताण सर्वाधिक असतो. डंबेल वर येत जाते तसा तो कमी होतो आणि छातीच्या बरोबर वर आल्यावर जवळजवळ संपतो. शिवाय हात डोक्यामागे असताना खांद्याची अवस्था नाजूक असते, त्यामुळे वजन फार वाढवता येत नाही. म्हणून पुलओव्हर हा जोडीचा व्यायाम आहे, मुख्य नव्हे.

मुख्य काम बेंच प्रेस करतो. जिम परवडत नसेल, तर आपले तालमीतले जोर आहेतच. साध्या पुश-अपमध्ये शरीराच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भार हातांवर येतो. ६० किलोच्या मुलासाठी हा भार साधारण ४० किलो होतो. जपानमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात एका गटाने आठ आठवडे हलक्या वजनाचा बेंच प्रेस केला आणि दुसऱ्या गटाने तेवढ्याच भाराचे पुश-अप केले. दोन्ही गटांत छातीच्या स्नायूची जाडी सारखीच वाढली. जोर सोपे वाटू लागले, की पाय विटांवर किंवा बाकावर ठेवावेत. भार आपोआप वाढतो.

आणि बरगड्या?

दुसरा दावा मात्र टिकत नाही. बरगड्या मागे मणक्यांना सांध्यांनी जोडलेल्या असतात, तर पुढे बहुतेक बरगड्या कूर्चेने छातीच्या मधल्या हाडाशी जोडलेल्या असतात. श्वासागणिक त्या वर-खाली होतात, पण वाढीचे वय संपल्यावर त्यांची लांबी वाढत नाही. डंबेलने त्या ‘ताणून’ मोठ्या होत नाहीत.

मग ही समजूत आली कुठून? १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या वजन उचलणाऱ्यांमध्ये एक पद्धत लोकप्रिय झाली होती. दीर्घ श्वास घेत जड बैठका मारायच्या आणि लगेच हलका पुलओव्हर करायचा. पुढे अर्नोल्ड श्वार्झनेगरसारख्या शरीरसौष्ठवपटूंनीही या व्यायामाची भलामण केली. हे करणाऱ्या मुलांची छाती खरोखर वाढलीही असेल. पण त्यांतले अनेक जण वाढत्या वयातले होते, भरपूर खात होते आणि बैठकांनी त्यांचे सगळे शरीरच भरत होते. श्रेय मात्र शेवटी केलेल्या पुलओव्हरला मिळाले.

टेप पाठीवरूनही जातो

भरतीची तयारी करणाऱ्याने ही गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मोजमापाच्या प्रचलित पद्धतीत टेप मागे खांद्याच्या फऱ्यांच्या खालच्या टोकाला टेकवून सरळ आडवा पुढे आणतात, हात सैल खाली सोडायला लावतात आणि मग आकडा वाचतात. म्हणजे या आकड्यात पाठीचाही वाटा असतो. साधे गणित पाहा. छातीच्या संपूर्ण घेरात स्नायूंची जाडी ३ मिलिमीटरने वाढली, तर घेर सुमारे १.९ सेंटिमीटरने वाढतो. ती फक्त पुढच्या बाजूने वाढली, तर फायदा साधारण निम्माच होतो. म्हणून ७९ चा आकडा गाठायचा असेल, तर जोरांइतकेच पुल-अप आणि वजन ओढण्याचे व्यायाम हवेत.

५ सेंटिमीटरचा प्रश्न निराळा आहे. तो स्नायूंच्या जाडीचा नाही, बरगड्या किती हलतात याचा आहे. इथे श्वासपटल, बरगड्यांमधले स्नायू आणि पाठीच्या कण्याची लवचिकता कामाला येते. पोक काढून बसण्याची सवय असेल, तर ही हालचाल कमी होते. रोज पाच-दहा मिनिटे ताठ बसून सावकाश, पोट न फुगवता बरगड्या बाजूंना उघडतील असा श्वास घ्यावा आणि पूर्ण सोडावा. हलका पुलओव्हर श्वासाच्या लयीत केला, तर वरच्या पाठीला ताण मिळतो, इतका त्याचा इथला उपयोग. अनेकदा मुले खांदे वर उचलून छाती ‘फुगवतात’. मोजमापात ते चालत नाही.

कसे करावे?

आठवड्यातून दोन-तीन दिवस जोर किंवा बेंच प्रेस, त्याच दिवशी पुल-अप, आणि शेवटी हवा असल्यास बारा-पंधरा वेळा करता येईल इतक्याच वजनाचा पुलओव्हर. खांद्यात टोचले किंवा कंबर बाकावरून कमानीसारखी उचलली जाऊ लागली, तर वजन जास्त आहे असे समजावे. स्नायूंची वाढ टेपवर दिसायला साधारण दोन ते तीन महिने लागतात, त्यामुळे जाहिरातीची वाट न पाहता सुरुवात करावी.

खाण्याशिवाय यातले काहीच होत नाही. व्यायाम करणाऱ्याला दररोज शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे १.६ ग्रॅम प्रथिने पुरतात. वर्धा जिल्ह्यात तूर, हरभरा आणि सोयाबीन शेतातच पिकते. १०० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यात सुमारे २० ग्रॅम, तर एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. महागड्या डब्यांची गरज बहुतेकांना नसते. लवकर ‘बॉडी’ बनवून देणारी इंजेक्शने तर हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांच्यावर घाला घालतात. त्यांच्या वाटेला जाऊ नये.

आणखी एक गोष्ट. सराव करूनही छाती अडीच सेंटिमीटरसुद्धा फुगत नसेल आणि सोबत तीन महिन्यांहून अधिक काळ सकाळी कंबर आखडत असेल, हालचाल केल्यावर बरे वाटत असेल, तर तो व्यायामाचा दोष नसू शकतो. अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हा मणक्यांचा संधिवात बहुधा तरुण वयातच सुरू होतो आणि त्यात बरगड्यांची हालचाल कमी होते. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयासारख्या ठिकाणी वेळीच दाखवले, तर उपचार उपलब्ध आहेत.

दर पंधरा दिवसांनी एकाच व्यक्तीकडून, एकाच जागी टेप लावून छाती मोजून घ्या आणि दोन्ही आकडे वहीत लिहा. पहिला आकडा अडला असेल, तर पाठीचे व्यायाम आणि जेवण वाढवा. दुसरा अडला असेल, तर श्वासाकडे आणि बसण्याच्या सवयीकडे लक्ष द्या.